स्टीरिओ रिअलिस्ट कॅमेरा व सुट्या जोडचित्रांचा पाठनिर्णय

हस्तलिखितांच्या संग्रहांत ज्यांनीं थोडेंबहुत काम केलें आहे त्यांस पुढील अनुभव नवा नाहीं. रुमाल सोडावा तों आंत पोथीचीं सुटीं पानें निघावीं. पत्रांक कोठें कसरीनें खाल्लेले, कोठें पाण्यानें पुसलेले. आणि पूर्वीच्या कोणा हौशी गृहस्थानें तीं पानें आपल्या समजुतीप्रमाणें लावून वर दोरा गुंडाळलेला. अशी पोथी नुसती अपूर्ण असती तर तिचें अपूर्णत्व तरी उघड दिसतें. चुकीची लावलेली पोथी मात्र पूर्ण असल्याचा आव आणते, आणि म्हणूनच ती अपूर्ण पोथीहून अधिक फसविते.

प्रस्तुत लेखाचा विषय पोथी नव्हे, एक यंत्र आहे. अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांतील मिलवॉकी शहरच्या डेव्हिड व्हाइट कंपनीनें सन १९४७ मध्यें बाजारांत आणिलेला स्टीरिओ रिअलिस्ट नांवाचा कॅमेरा, हें तें यंत्र होय. तथापि या कॅमेऱ्यानें घेतलेलीं चित्रें आज ज्या स्थितींत संग्राहकांच्या हातीं येतात ती स्थिति सुट्या पानांच्या पोथीहून फार निराळी नाहीं. सबब हा विषय आमच्या वाचकांस परका वाटणार नाहीं अशी आम्हांस उमेद आहे.

या शोधास निमित्त झाली ती आमचीच एक चूक. एका स्नेह्यानें अमेरिकेंतून आणविलेला हा कॅमेरा व त्यासोबत आलेली एक पेटी आम्हांकडे पाहावयास दिली. पेटींत कांचेच्या चौकटी फुटून सुटे झालेले फिल्मचे चोवीस तुकडे होते. आम्हीं सारखीं दिसणारीं चित्रें एकाशेजारीं एक ठेवून बारा जोड्या लाविल्या, नव्या चौकटींत बसविल्या आणि यादीही तयार केली. पुढें कॅमेऱ्याची रचना नीट अभ्यासिल्यावर कळून आलें कीं, त्या बारांपैकीं सातच जोड्या खऱ्या. तीन जोड्यांत डावें चित्र उजवीकडे गेलेलें. आणि दोन जोड्या तर मुळांत जोड्याच नव्हत. ही चूक कशी झाली व ती कोणत्या प्रमाणांनीं सुधारली, तें पुढें क्रमानें सांगतों.

(१) पूर्वपीठिका

मनुष्याचे दोन डोळे एकमेकांपासून सुमारें अडीच इंच अंतरावर असतात. त्यामुळें प्रत्येक डोळ्यास समोरील देखावा किंचित् निराळा दिसतो, व या दोन देखाव्यांतील भेदावरून बुद्धि दूर-जवळ ठरविते. हें तत्त्व इंग्रज पदार्थविज्ञानी चार्ल्स व्हीटस्टन यानें सन १८३८ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडिलें. त्या वेळीं फोटोग्राफीची विद्या प्रकट व्हावयाची होती; म्हणून त्यानें हातानें काढलेल्या आकृति दोन आरशांच्या साह्यानें दाखविल्या. सन १८४९ मध्यें डेव्हिड ब्रूस्टर यानें आरशांऐवजीं भिंगें घालून सुटसुटीत दर्शकपेटी योजिली, आणि सन १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांत ती लोकांसमोर आल्यानंतर जोडचित्रांचा शोक सर्वत्र पसरला. आरंभीं एकच कॅमेरा थोडा सरकवून दोन चित्रें घेत. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचें पेटंट मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डॅन्सर यानें सन १८५६ मध्यें घेतलें.

या परंपरेंत आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें नांव पॅरिसच्या ज्यूल रिशार याचें. त्याचा वेरास्कोप नांवाचा कॅमेरा सन १८९३ मध्यें निघाला. त्यांत ४५ × १०७ मिलिमीटर मापाची कांच वापरीत व डाव्या-उजव्या डोळ्यांचीं दोन्ही चित्रें त्या एकाच कांचेवर उमटत. पुढें सन १९१४ च्या सुमारास त्याच रिशारनें होमेओस नांवाचा कॅमेरा विक्रीस काढिला. यांत कांचेऐवजीं चलच्चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांस भोकें असलेली फीत घातली होती. ३५ मिलिमीटर फितीवरील जोडचित्रांच्या कॅमेऱ्यांत हा अगदीं आरंभींचा होय.

कांचेवरून फितीवर येतांना एक लाभ झाला व एक हानि झाली. लाभ असा कीं, यंत्र लहान झालें व एका भरण्यांत पुष्कळ चित्रें घेतां येऊं लागलीं. हानि अशी कीं, कांचेवर दोन चित्रें एकत्र जखडलेलीं असत तीं फितीवर सुटीं झालीं. पत्राचे दोन बंद एकमेकांस चिकटविलेले असावेत, ते पुढें सुटावे आणि दप्तरांत भलतीकडे जावे, तसाच हा प्रकार. रिअलिस्टच्या चित्रांचा सगळा घोटाळा या हानींतून उत्पन्न होतो.

(२) यंत्राची रचना

डेव्हिड व्हाइट कंपनी ही मूळ जमीनमोजणीचीं यंत्रें करणारी. जोडचित्रांचा नाद असलेला सीटन रॉकवाइट नांवाचा एक यंत्रज्ञ होता. त्यानें स्वतः तयार केलेल्या नमुन्यावरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत या कंपनीनें कॅमेऱ्याचें काम हातीं घेतलें. त्याच्या जाहिराती सन १९४५ पासून येऊं लागल्या, पण माल बाजारांत आला तो सन १९४७ मध्यें. म्हणून जाहिरातीची तारीख पाहून कोणी एखादें चित्र १९४५ चें ठरवूं लागल्यास त्यास थांबविलें पाहिजे. फर्मान निघालें त्या दिवशीं अंमल बसला असें होत नाहीं. हा कॅमेरा सन १९७१ पर्यंत विकला जात होता.

यंत्राच्या तोंडावर ३५ मिलिमीटर केंद्रांतराचीं दोन भिंगें असून तीं एकमेकांपासून ७० मिलिमीटरांवर आहेत. मूळ प्रकारांत भिंगांचें सर्वांत मोठें द्वार एफ ३.५ आहे, एफ २.८ द्वाराचा महाग प्रकार सन १९५२ च्या सुमारास निघाला. दोन्ही भिंगांचीं द्वारें आंतून एकमेकांस जोडलेलीं आहेत, म्हणून एकाचें कडें फिरविलें कीं दुसऱ्याचें द्वारही तितकेंच लहानमोठें होतें. झडपाही दोन, पण त्या एकाच क्षणीं उघडतात व मिटतात. आरंभींच्या कॅमेऱ्यावर झडपेचा वेग एक सेकंदापासून सेकंदाच्या १५० व्या भागापर्यंत लावतां येतो, आणि हवा तितका वेळ झडप उघडी ठेवण्याची सोयही आहे. फीत पुढें सरकविणें व झडपेचा खटका चढविणें या दोन क्रिया वेगळ्या आहेत.

या यंत्राच्या दोन योजना विशेष लक्ष्यांत ठेवण्याजोग्या वाटतात. पहिली अशी कीं, अंतराप्रमाणें चित्र स्पष्ट करावयाचें तेव्हां भिंगें पुढेंमागें होत नाहींत. तीं स्थिर राहतात, आणि मागची फीत ज्या पट्टीवर टेकलेली असते ती पट्टीच सबंध सरकते. त्यामुळें दोन्ही चित्रांत एकाच मापानें फरक पडतो. दुसरी अशी कीं, देखावा पाहावयाच्या खिडकीचें भिंग चित्र घेणाऱ्या दोन भिंगांच्या बरोबर मध्यें बसविलें आहे. डोळा लावावयाचें छिद्र यंत्राच्या पाठीवर खालच्या अंगास असल्यामुळें कॅमेरा कपाळास टेकून बसतो व हात हलत नाहीं. अंतर मोजण्याची सोय यंत्रांतच असून तिचें छिद्र निराळें आहे. वापर नसतांना तिन्ही भिंगांवर बिजागरीचें एक झांकण पडतें.

या कॅमेऱ्यांत बहुधा कोडाक्रोम नांवाची रंगीत फीत घालीत. ती ३५ मिलिमीटर रुंदींत सन १९३६ पासून मिळूं लागली होती. या फितीचा गुणधर्म असा कीं, कॅमेऱ्यांत गेलेली फीतच धुतल्यावर सुलट रंगांचें चित्र होऊन परत येते. मध्यें नकारचित्र म्हणून कांहीं राहत नाहीं. अर्थात् रिअलिस्टचें प्रत्येक चित्र ही एकुलती एक मूळ प्रत होय. ती बिघडली तर दुसऱ्या प्रतीवरून पाठ शोधण्याची आशा नाहीं. कोडाक्रोमचें उत्पादन सन २००९ मध्यें थांबलें व ती धुण्याचें शेवटचें नियमित काम सन २०१० च्या अखेरीस कॅन्सासमध्यें बंद झालें. तेव्हां जीं चित्रें आहेत तेवढीच आतां आहेत.

धुतलेली फीत कापून, दोन-दोन तुकडे ४१ × १०१ मिलिमीटरच्या चौकटींत बसवीत. कोणी पुठ्ठ्याची चौकट घेत. कोणी अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा व दोहों बाजूंस कांच अशी घेत. तीं पाहण्यासाठीं आंत दिवा व विजेरी असलेला दर्शक कंपनीनेंच विकला. पुढें इतर कारखान्यांनींही हेंच माप स्वीकारिलें. खुद्द कोडॅक कंपनीचा सन १९५४ चा स्टीरिओ कॅमेरा याच मापाचा आहे. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याजवळ रिअलिस्ट होता, आणि मूकपटांतील विख्यात नट हॅरल्ड लॉइड यानें तर जोडचित्रांचा अफाट संग्रह करून ठेविला. यावरून या साधनाचा प्रसार किती होता हें ध्यानांत येईल.

(३) फितीवरील चित्रांचा क्रम

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. ३५ मिलिमीटर फितीच्या कडेचीं भोकें एकमेकांपासून ४.७५ मिलिमीटरांवर असतात. रिअलिस्टचें एक चित्र २४ मिलिमीटर उंच व २३ मिलिमीटर रुंद असून फितीवर पांच भोकांची जागा व्यापतें. भिंगें ७० मिलिमीटर दूर असल्यामुळें एका जोडींतील दोन चित्रांच्या मध्यें बरीच फीत कोरी उरते. ती वायां जाऊं नये म्हणून रॉकवाइटनें हिशेब असा बसविला: जोडींतील दोन चित्रांचें अंतर पंधरा भोकें, म्हणजे तीन घरें, आणि प्रत्येक खेपेस फीत पुढें सरकावयाची ती दहा भोकें, म्हणजे दोन घरें.

फितीवरील घरांस ओळीनें आंकडे दिले तर पहिली जोडी १ व ४ या घरांत पडते. दुसरी ३ व ६ मध्यें. तिसरी ५ व ८ मध्यें. चौथी ७ व १० मध्यें. आणि याप्रमाणें पुढें. दुसरें घर कायमचें कोरें राहतें, व शेवटून दुसरेंही कोरें राहतें. बाकी एकही घर वायां जात नाहीं. साध्या ३६ चित्रांच्या फितीवर २८ वा २९ जोड्या निघतात त्या या युक्तीमुळें. यांतून दोन सिद्धांत निष्पन्न होतात. विषम आंकड्यांच्या घरांतील सर्व चित्रें एका डोळ्याचीं व सम घरांतील सर्व चित्रें दुसऱ्या डोळ्याचीं, हा पहिला. कोणत्याही जोडीच्या दोन चित्रांमध्यें एक मागल्या जोडीचें व एक पुढल्या जोडीचें चित्र येऊन बसतें, हा दुसरा.

न कापलेली फीत हातीं आल्यास या क्रमानें काम सरळ होतें. पण शेजारच्या घरांतील दोन चित्रें तीच एक जोडी अशा समजुतीनें ज्यानें फीत कापली त्यानें प्रत्येक जोडी मोडली असें समजावें.

(४) पाठनिर्णयाचीं प्रमाणें

सुटे तुकडे हातीं आले असतां आमच्या मतें पुढील क्रमानें निर्णय करावा.

प्रथम तुकड्याची पुढली व मागली बाजू ठरवावी. पाटी, दुकानाचें नांव, पुस्तक असें कांहीं अक्षरयुक्त चित्रांत असल्यास प्रश्नच नाहीं. नसल्यास तुकडा उजेडांत तिरपा धरावा. रसायनाचा थर असलेल्या बाजूस चित्राच्या आकृति किंचित् उठलेल्या दिसतात. हें आधीं करावयाचें कारण असें कीं, दोन्ही तुकडे पालथे बसविले तर डावें-उजवें बरोबर असूनही खोली उलटी दिसते.

नंतर डावें कोणतें व उजवें कोणतें हें ठरवावें. प्रत्येक भिंग चित्र उलटें पाडतें. म्हणून फीत सुलट धरली असतां डाव्या डोळ्याचें चित्र उजवीकडे आणि उजव्याचें डावीकडे असतें. चौकटींत बसवितांना त्यांची अदलाबदल करावीच लागते. ती झाली आहे कीं नाहीं याची कसोटी चित्रांतच आहे. जवळची एक वस्तु व तिच्या मागें दूरची एक वस्तु घ्यावी. डाव्या डोळ्याच्या चित्रांत जवळची वस्तु दूरच्या वस्तूच्या मानानें उजवीकडे सरकलेली दिसेल. उजव्या डोळ्याच्या चित्रांत ती डावीकडे सरकलेली दिसेल. या नियमास अपवाद नाहीं. आमच्या तीन जोड्या या कसोटीस उतरल्या नाहींत. त्यांपैकीं एकींत झाडाच्या डहाळ्या व मागें आकाश एवढेंच होतें. डहाळ्यांत पुढली कोणती व मागली कोणती हें डोळ्यास आधीं ठाऊक नसल्यामुळें उलटें झालेलें चित्रही आम्हांस अगदीं खरें वाटलें होतें. डोळ्यास पटलें एवढें प्रमाण पुरेसें नाहीं, हें या ठिकाणीं आम्ही शिकलों.

तिसरा प्रश्न जोडी खरी कोणती हा. एकाच देखाव्याचीं लागोपाठ दोन-तीन चित्रें घेतलेलीं असलीं म्हणजे येथें फसगत होते. ज्या फितीच्या कडेवर कारखान्यानें छापलेले चित्रांक आहेत तेथें एक साधन उपयोगी पडतें. हे अंक साध्या कॅमेऱ्याच्या मापाचे, म्हणजे आठ-आठ भोकांच्या अंतरानें असतात, आणि रिअलिस्टची जोडी पंधरा भोकांची. तेव्हां खऱ्या जोडींतील दोन तुकड्यांच्या कडेवरील स्थानांत दोन अंकांहून किंचित् कमी एवढेंच अंतर पडलें पाहिजे. अंक तुकड्यावर कोठें पडला आहे तें पाहून भोकें मोजलीं म्हणजे निर्णय होतो. पोथीच्या हांशांतील पत्रांकाचें जें काम तेंच येथें या अंकांचें. शिवाय एका कॅमेऱ्यांतील एका डोळ्याच्या सर्व चित्रांची कड एकाच चौकोनी खिडकीनें आंखलेली असते. त्या खिडकीच्या कडेवर बारीक ओरखडा वा खांच असली तर ती त्या डोळ्याच्या प्रत्येक चित्रावर त्याच जागीं उमटते. एकाच लेखकाचें वळण ओळखावें तसें हें ओळखतां येतें.

चौथें प्रमाण गणिताचें, आणि आमच्या मतें तें सर्वांत बलवत्तर. अगदीं दूरच्या वस्तूच्या मानानें जवळची वस्तु दोन चित्रांत जितकी सरकते त्या भेदास आपण दृष्टिभेद म्हणूं. केंद्रांतर ३५ व भिंगांमधील अंतर ७०, यांचा गुणाकार २४५०. या आंकड्यास दृष्टिभेदाच्या मिलिमीटरांनीं भागिलें असतां वस्तूचें कॅमेऱ्यापासूनचें अंतर स्थूलमानानें मिलिमीटरांतच निघतें. दृष्टिभेद एक मिलिमीटर असल्यास वस्तु सुमारें अडीच मीटरांवर. अर्धा मिलिमीटर असल्यास सुमारें पांच मीटरांवर. पाव मिलिमीटर असल्यास सुमारें दहा मीटरांवर. याचा अर्थ असा कीं, खरी जोडी ही नुसती शोभेची वस्तु नसून मोजमापाचा लेख आहे.

आमच्या दोन विजोड जोड्या या गणितानेंच पकडल्या. त्यांतील एकींत घराच्या पडवीचा कठडा व त्यामागें बसलेलीं माणसें आहेत. दृष्टिभेद मोजून पाहतां कठडा कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर असल्याचा हिशेब निघाला. परंतु हातभर अंतरावरून या भिंगांत दीड वितीहून कमी रुंदीचा देखावा मावतो; आणि चित्रांत तर कठड्याची सबंध लांबी आली आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणें अशक्य. उलगडा हा कीं, छायाचित्रकारानें एक चित्र घेऊन अर्धें पाऊल बाजूस सरकून दुसरें घेतलें होतें. आम्हीं पहिल्या खेपेचें डावें व दुसऱ्या खेपेचें उजवें चित्र एकत्र बांधलें. दोन्ही तुकडे अस्सल, स्थळ तेंच, दिवस तोच. तरी त्यांच्या संयोगानें झालेली साक्ष खोटी. ही जोडी तशीच राहती तर पुढें कोणी तिजवरून पडवीची मापें काढिलीं असतीं आणि तीं सप्रमाण म्हणून छापलीं असतीं.

येथें एक आक्षेप संभवतो. चौकटी बांधणारे लोक चित्रें पुढेंमागें सरकवीत. अॅल्युमिनियमचे पत्रे दूर, मध्यम व जवळ अशा तीन प्रकारच्या देखाव्यांसाठीं निरनिराळे मिळत. तेव्हां मापें बिघडत नाहींत काय? उत्तर असें कीं, दृष्टिभेद हा चौकटीच्या कडेपासून न मोजतां चित्रांतीलच दूरच्या वस्तूपासून मोजावयाचा आहे. त्यामुळें चौकटीनें त्यांत फरक पडत नाहीं. मात्र देखाव्यांत दूरची वस्तु मुळींच नसेल, उदाहरणार्थ बंद खोलींत घेतलेलें चित्र असेल, तर फक्त वस्तूवस्तूंमधील भेद सांगतां येतो. कॅमेऱ्यापासूनचें अंतर काढण्यासाठीं चित्रांतील एखाद्या वस्तूचें अंतर वा माप दुसऱ्या प्रमाणानें ठाऊक असावें लागतें.

रिअलिस्टच्या फितीस लागू असलेले हे आंकडे दुसऱ्या मापाच्या फितीस लावूं नयेत, हेंही सांगितलें पाहिजे. रिशारच्या कारखान्यांतून निघालेल्या वेरास्कोप एफ ४० या कॅमेऱ्याचें चित्र २४ × ३० मिलिमीटर असून तें सात भोकांची जागा घेतें. तेथें घरांचा क्रम निराळा. म्हणून प्रथम चित्राच्या रुंदीचीं भोकें मोजावीं, मगच क्रम लावावा. मोडी वाचण्यापूर्वीं अक्षराचें वळण कोणत्या काळाचें तें पाहावें लागतें, तशांतलीच ही गोष्ट.

(५) उपसंहार

वरील विवेचनावरून आमचा निष्कर्ष इतकाच कीं, जोडचित्राचा पुरावा प्रत्येक तुकड्यांत वेगवेगळा नसून दोन तुकड्यांच्या संबंधांत आहे. आणि तो संबंध कॅमेऱ्याच्या रचनेनें ठरवून दिलेला आहे. म्हणून चित्रें जतन करणारानें यंत्राची रचना जाणली पाहिजे, आणि यंत्र जतन करणारानें तें नुसतें कपाटांत ठेवून भागणार नाहीं. विशेषतः चित्रांबरोबर तो मूळ कॅमेराही मिळाला असेल तर दोहोंची ताटातूट होऊं देऊं नये. त्याच्या खिडकीच्या कडा हा त्या चित्रांचा शिक्का आहे.

ज्या संग्राहकांजवळ असलीं चित्रें असतील त्यांस आमची विनंति अशी: जुनी चौकट फुटली तरी टाकून देऊं नये, सोडण्यापूर्वीं तुकडे कोणत्या बाजूस कसे होते याची टीप करावी, तुकड्याची कड नव्या चौकटींत झांकली जाण्यापूर्वीं तिजवरील अंक व भोकें उतरून घ्यावीं, आणि आपण लाविलेली जोडी कोणत्या प्रमाणावर लाविली तें नव्या चौकटीबरोबरच्या कागदावर लिहून ठेवावें. आमच्या त्या बारा जोड्या आतां नीट लागल्या आहेत. पहिली चुकीची यादीही आम्हीं फाडली नाहीं. दुरुस्त यादीसोबत ती पेटींत ठेविली आहे, म्हणजे पुढें पाहणारास आम्ही कोठें व कसे चुकलों हें कळेल.